अठरा वाट्या

३ जुलै १९८३, रविवार. सिहोरा.

आज दुपारी फ्रिज आला. माझा मुलगा इश्वर याने नागपुरात बदली झालेल्या एका साहेबाकडून जुना घेतला आणि राईस मिलच्या ट्रकवर टाकून पाठवला. चार जणांनी उतरवला. आमच्या घरात तीन पिनांचा प्लग लावायची जागा एकच आहे, ती देवाच्या खोलीत. गेल्या वर्षी लाईट घेतली तेव्हा मीच सांगितले होते की घरातली चांगली जागा देवाजवळ करा. त्यामुळे फ्रिज तिथेच बसला. देव्हारा पूर्वेच्या भिंतीला आणि फ्रिज दक्षिणेच्या. मध्ये दीड हात जागा राहते, तेवढीत मी बसतो.

फ्रिज रत्नासाठी आहे. रत्ना माझी नात, दहा महिन्यांची. तिची आई रुखमिणी, आमची सून, हिला बपेऱ्याच्या शाळेत नोकरी लागली. डी.एड. होऊन तीन वर्षे ऑर्डरची वाट पाहिली. ऑर्डर आली तेव्हा आठ दिवस ती उशाखाली ठेवून झोपत होती, असे माझ्या बायकोने, सत्यभामाने, सांगितले. नऊच्या एस.टी.ने जाते, साडेपाचला येते. इश्वर नागपूरला कारखान्यात आहे, शनिवारी येतो. दिवसभर घरी आम्ही दोघे. सत्यभामाचे डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दिवाळीपर्यंत चुलीपुढे बसायची डॉक्टरांनी मनाई केली आहे. सकाळी रांधून ठेवलेले लेकराचे अन्न या दिवसांत दुपारपर्यंत आंबते. पहिल्या आठवड्यात दोनदा फेकावे लागले.

त्यावर रुखमिणीने हा उपाय काढला. भंडाऱ्याच्या वसतिगृहातल्या बाई असे करत. रविवारी आठवड्याचे एकदम रांधायचे, वाट्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात गोठवायचे, लागेल तसे काढून गरम करायचे.

इश्वर म्हणाला, "कर. पण एक बोली आहे. या अन्नानं पोरीचं पोट एक डाव बिघडलं, का नोकरी बंद."

"मंजूर," रुखमिणी म्हणाली. दोघांनीही माझ्याकडे पाहिले. म्हणजे मी साक्षीदार झालो.

आज सकाळपासून तिने चुलीवर तीन गंज चढवले. एकात मूगडाळ-तांदूळ आणि दुधी, एकात कोहळे, एकात तुरीचे वरण-भात आणि पालक. सगळे पुरणाच्या चाळणीतून काढले. गंज थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववले. अठरा छोट्या वाट्या भरल्या, रोजच्या तीन, सहा दिवसांच्या. एकीवर एक रचताना मधे पळसाचे पान गोल कापून घातले. ओळखायला दोरा बांधला. मुगाला पांढरा, कोहळ्याला पिवळा, पालकाला हिरवा.

नैवेद्याचा प्रश्न आला. आमच्याकडे देवाला दाखवल्याशिवाय लेकराच्या तोंडातही घास जात नाही. रोज गोठलेली वाटी देवापुढे ठेवणे मला बरे वाटेना. शेवटी अठराही वाट्या गरम असताना मांडल्या आणि आठवड्याचा नैवेद्य एकदम दाखवला. पाणी अठरा वेळा फिरवले. देवाची काही हरकत दिसली नाही.

५ जुलै, मंगळवार

वाटी गरम करणे माझ्याकडे आहे. काल पहिल्यांदा स्टो पेटवला. वाटी पाण्यात ठेवून पाणी तापवायचे. वरून गरम झाले म्हणून चमचा घातला तर आत दगड. पुन्हा ठेवली तर इतके तापले की फुंकून फुंकून माझे डोके फिरले. रत्नाने तीन घास खाल्ले, चौथा माझ्यावर फुर्र केला.

सत्यभामा दारातून पाहत होती. "अवो, शिळं अन्न बईलबी हुंगून सोडते. अन् माह्या नातिनीले चारून राहिले."

हे म्हणताना ती रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलेली बासी खात होती. मीही तीच खाऊन शेतावर जाऊन आलो होतो. पन्नास वर्षे हेच खातो. पण लेकराचे वेगळे, हे मलाही वाटते.

संध्याकाळी मी रुखमिणीला विचारले. ती म्हणाली, "मामाजी, गोठलेलं अन्न शिळं होत नाही. जिथल्या तिथं थांबते."

जिथल्या तिथे थांबणे ही मोठ्या साधकांनाही न जमणारी गोष्ट आहे. कोहळ्याला जमत असेल तर चांगलेच आहे.

१९ जुलै, मंगळवार

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू आहे. सकाळी शेतातल्या बांधीत, अकराला घरी वाटी, दोनला वाटी, पाचला वाटी. बायांचे गाणे ऐकू येत असले तरी अकरा वाजता मला निघावे लागते. टिकारामने रस्त्यात अडवले. टिकाराम माझ्याच वर्गातला, देवळातही माझ्या शेजारीच बसतो.

"तुलारामजी, कुठं निंगाले घाईघाईनं?"

"नातिनीची वाटी तापवाची आहे."

"मंग डोईवर पदर घ्या ना जी. लाज वाटत असंल तं."

लाज वाटते का, याचा मी बांधावरून चालताना विचार केला. थोडी वाटते. वाटी तापवताना वाटत नाही.

शेजारची गोदावरीबाई रोज एक फेरी मारून वाटीत डोकावते. "तुलाराम भाऊ, गार अन्नानं लेकराच्या पोटात गार बसते. मंग ते मोठं झाल्यावर निंगते." किती मोठे झाल्यावर, ते तिने सांगितले नाही.

२२ जुलै, शुक्रवार

चातुर्मास लागला. मारुतीच्या देवळात संध्याकाळची पोथी सुरू झाली. दरवर्षीप्रमाणे वाचन माझ्याकडे. चाळीसेक माणसे असतात, बाया उजवीकडे. मी सातवी पास. पण पोथीमुळे लोक मला शेताचे, लग्नाचे, दुखण्याचेही विचारतात. मी जपून उत्तर देतो. अजून कोणाचे फार नुकसान झालेले नाही.

३ ऑगस्ट, बुधवार

दवाखान्यात रत्नाचे वजन केले. महिन्यात चारशे ग्रॅम वाढले. नर्सने विचारले काय देता. मी सांगितले. तिने दुसऱ्या नर्सला बोलावले आणि पुन्हा सांगायला लावले.

घरी येऊन सत्यभामाला वजन सांगितले. ती म्हणाली, "माह्या दृष्ट काढण्यानं वाढलं."

१२ ऑगस्ट, शुक्रवार

काल दुपारी लाईट गेली, दोन तासांनी आली. रुखमिणीने बजावले, लाईट गेली की दार अजिबात उघडायचे नाही, आतला गारवा आत राहिला पाहिजे. आज पुन्हा गेली. मी दारापुढे पाट टाकून बसलो. कोणी उघडू नये म्हणून. सत्यभामा रत्नाला घेऊन शेजारी गेली होती, घरात मी एकटाच होतो.

असे बसले की जपही होतो. फ्रिज चालू झाल्यावर गुरगुरतो, मग थांबतो, मग पुन्हा गुरगुरतो. रात्रंदिवस. जुलैपासून त्याने एक दिवस सुट्टी घेतलेली नाही.

४ सप्टेंबर, रविवार

अठरा वाट्या झाल्या. आता रुखमिणीचा हात बसला आहे, बारापर्यंत सगळे आटोपते. या आठवड्यात मुगात थोडे गाजर. इश्वर काल आला होता, आज दुपारच्या गाडीने गेला. पोळ्याला सुट्टी मिळाली नाही. जाताना रत्नाला उचलून म्हणाला, "जड झाली बे." रुखमिणी दुसरीकडे पाहून हसली. मला ते दिसले.

५ सप्टेंबर, सोमवार

रुखमिणी आजपासून चार दिवस बाहेर आहे. देवाच्या खोलीत यायची नाही, म्हणजे फ्रिजला हात लावायची नाही. मागच्या दोन महिन्यांतही असे चार चार दिवस गेले, मी सांभाळले. शाळेत मात्र ती जाते. शाळेत देव नाहीत, तसबिरी आहेत.

सकाळी मी अंघोळ करून येईपर्यंत सत्यभामा एक वाटी घेऊन आली. काल सुनेने त्यात पाणी गोठवले होते म्हणे, आणि बर्फावर पाच पैशाचे नाणे ठेवायला सांगितले होते. मी विचारले, कशाला?

"मले काय मालूम? नाणं वर राह्यलं पाह्यजे मने. बस."

मी वाटी कप्प्याच्या कडेला ठेवली, नाणे बर्फावर. काही व्रत असेल. मास्तरीण असली तरी आपल्या घरचे वळण घेते आहे, याचे बरे वाटले.

संध्याकाळी खांदमळणी. बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळले. त्यांच्या कानात सांगितले, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. माझ्या जोडीतला डावा बैल यंदा म्हातारा दिसतो. वर्षभर मानेवर जू, आणि वर्षात हा एक दिवस. आमच्या वडिलांनी पोळ्याला कधी नांगर तर सोडाच, बैलाला रस्ता ओलांडायला लावला नाही. ते म्हणत, ज्याने आपले काम केले त्याला एक दिवस विसावा न देणारा माणूस पुढच्या जन्मी बैल होतो.

घरी येऊन सांजवात लावली. फ्रिज गुरगुरत होता.

६ सप्टेंबर, मंगळवार. पोळा.

पहाटे अंघोळ करून बैल धुतले, शिंगे रंगवली, झुली घातल्या. मग देवाच्या खोलीत आलो. काल संध्याकाळपासून जे मनात होते ते केले. फ्रिजला हळदकुंकू लावले, वरून आंब्याच्या पानांचे तोरण घातले, आणि बटन बंद केले. दारही उघडे ठेवले. बैलाला विसावा देताना वेसण-दोर सैल करतात, बांधून ठेवून कसला विसावा.

लाईट गेली तर दार उघडू नये, हे मला ठाऊक आहे. पण लाईट जाणे वेगळे आणि आपण हाताने विसावा देणे वेगळे. एक अपघात आहे, दुसरे पुण्य आहे. शिवाय आज वाट्यांची गरज नाही. गोदावरीबाईने येऊन पुरणपोळ्या केल्या, रत्नाला ताजे वरण-भात. सत्यभामा दिवसभर खूश होती. ताजे, ताजे म्हणून चारदा बोलली.

फ्रिजचा आवाज नसल्याने पूजेला फार शांत वाटले. घराबद्दल आणि माझ्याबद्दल समाधान वाटले. संध्याकाळी तोरणाखाली चाळीस जोड्या उभ्या होत्या.

७ सप्टेंबर, बुधवार. तान्हा पोळा.

सूर्योदयाला फ्रिजचे दार लावले, बटन सुरू केले. ताजातवाना झाल्यासारखा जोरात गुरगुरला. रात्री खालून थोडे पाणी गळाले होते, ते पुसले. मशीनलाही घाम येतो.

सुनेचे नाणे पाण्याच्या तळाशी गेलेले दिसले. वर राहिले पाहिजे असा निरोप होता. पाण्यावर नाणे ठरेना. तीनदा येऊन पाहिले. चारच्या सुमारास बर्फ धरला, तेव्हा नाणे पुसून मधोमध ठेवले. सांगितलेले पाळले गेले.

आज वाट्या तापवायला मुळीच त्रास झाला नाही. अकराची तर पातळच होती, पाणी कोमट होताच झाली. विसावा दिल्याने यंत्र मवाळ चालते, असे मला वाटते. रत्ना पहिल्या घासाला तोंड फिरवत होती. सणाची धामधूम, दुसरे काय. गाणे म्हणून म्हणून तीनही वाट्या भरवल्या.

दुपारी गावातली पोरे लाकडी बैल घेऊन दारोदार आली. रत्नाला मांडीवर घेऊन ओसरीत बसलो. तिने एका बैलाचे शिंग चाटले.

८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळपासून रत्नाला सहा वेळा पातळ झाले. अकराची वाटी मी आग्रहाने दिली, अंगात काही जावे म्हणून. ती सगळी ओकली. दात येत असावेत. सत्यभामाने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. काल किती लोकांनी पाहिले तिला. मी अंगारा लावला.

संध्याकाळी रुखमिणी बसमधून उतरून अंगणात आली, लेकराकडे पाहिले, पिशवी तिथेच टाकली.

९ सप्टेंबर, शुक्रवार

ताप. डोळे खोल गेले. सकाळी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मीठ-साखरेचे पाणी दर थोड्या वेळाने पाजायला सांगितले, औषध दिले. विचारले, "दोन दिवसांत काय खाल्लं?" रुखमिणीने सांगितले. डॉक्टरांनी मान हलवली. ती कशासाठी, ते कळले नाही, पण गोदावरीबाई मागे उभी होती आणि तिला कळले. आम्ही घरी पोचायच्या आधी गावभर झाले की मास्तरणीच्या बर्फाच्या अन्नाने लेकरू मरायला टेकले.

दुपारी रत्नाने लघवी केली. रुखमिणी ओले दुपटे हातात घेऊन रडली. आधी रडली नव्हती.

आज तिचे न्हाणे झाले होते. चारला ती देवाच्या खोलीत गेली, फ्रिज उघडून बराच वेळ उभी राहिली. बाहेर येऊन विचारले, "मामाजी, नाणं वरच होतं ना?"

"वरच आहे," मी म्हणालो. "मी स्वतः लक्ष ठेवलं."

"मग माझंच चुकलं," ती म्हणाली. "अन्नच बिघडलं. माझ्या हातानं."

मी तिला समजावले की आजार दैवाधीन असतात.

१० सप्टेंबर, शनिवार

तार मिळाल्याने इश्वर सकाळच्याच गाडीने आला. रत्ना पाणी पिते, थोडी पेज घेतली. धोका टळला असे डॉक्टर म्हणाले. गावात आज गणपती बसले. आमच्याकडे नेहमीप्रमाणे सुपारीचा मांडला.

जेवणानंतर दोघे आत बोलत होते. मी ओसरीत सुतळी वळत होतो. ऐकायचे नव्हते, पण ऐकू आले.

"बोली काय झाली होती?" इश्वर म्हणाला.

"मी नाही म्हणून राहिली का? राजीनामा लिहिला. सोमवारी मामाजींच्या हातानं तुमसरच्या ऑफिसात पाठवते."

"मले आनंद नाही वाटत, रुखमिणी."

"मला फक्त हे समजत नाही की बिघडलं कसं. लाईट गेली असती तर समजलं असतं. म्हणून तर नाणं ठेवलं होतं."

"कोणतं नाणं?"

"बर्फावरचं. बर्फ वितळला तर नाणं तळाशी जाते. मग पुन्हा गोठलं तरी ते तळाशीच राहते. आपण घरी नसलो तरी कळते की मधे गारवा गेला होता, अन्न फेकून द्या. पण नाणं वरच होतं. म्हणजे फ्रिज चांगला होता. मीच वाईट."

सुतळीचा पीळ सुटला. पुढे लिहवत नाही.

११ सप्टेंबर, रविवार

काल लिहवले नाही ते आज लिहितो.

रत्नाला मी आजारी पाडले. तिच्या अन्नाला चोवीस तास उघडे ठेवले, नासलेले पुन्हा गोठवले, नाणे पुसून वर ठेवले, आणि गाणे म्हणून भरवले. ती तोंड फिरवत होती. वर्षाच्या लेकराला कळले ते मला कळले नाही.

हे मला काल दुपारी कळले. आज संध्याकाळपर्यंत मी कोणाला सांगितले नाही. का नाही, तेही लिहितो. एक, लेकरू आता बरे आहे. दोन, नोकरी सुटली तर सून घरी राहील, सत्यभामाला आधार होईल, ताजे अन्न मिळेल, कोणाचे काय बिघडते. तीन, मी पुण्य म्हणून केले होते, हेतू वाईट नव्हता. तिन्ही कारणे मी देवापुढे बसून काढली. दीड हातावर फ्रिज होता. चौथे कारण खरे आहे, की लोक हसतील.

सकाळी रुखमिणीने उरलेल्या अकरा वाट्या उकिरड्यावर रिकाम्या केल्या. रविवार असूनही चूल साधीच पेटली. मग तिने पाकीट माझ्या हाती दिले. वर अक्षर फार सुरेख. "मामाजी, उद्या पहिल्या गाडीनं जा. माझं मन बदलायच्या आत."

मी ते बंडीच्या खिशात ठेवले आणि संध्याकाळी तसाच पोथीला गेलो.

अध्याय संपला. आरतीच्या आधी गोदावरीबाई म्हणाली, "तुलाराम भाऊ, पोथीत शिळ्या अन्नाचं काय सांगतलं आहे ते एकदा या आजकालच्या पोरींले सांगा ना. नोकरीपायी लेकराले बर्फ चारतात."

"सांगा जी," टिकाराम म्हणाला. "तुमच्याच घरचा दाखला आहे."

मी पोथी बांधत होतो. सोडली. म्हणालो, "माझ्या सुनेचं अन्न चांगलं होतं. दोन महिने पोरगी त्यावर वाढली, वजन दवाखान्यात लिहिलेलं आहे. पोळ्याच्या दिवशी मी फ्रिज बंद केला. दार उघडं ठेवलं. तिनं अन्न खराब झाल्याची खूण ठेवली होती, तीही मीच पुसली. पोरगी माझ्या हातानं आजारी पडली. सुनेचा दोष तिळाएवढा नाही."

मग टिकाराम म्हणाला, "पण बंद काहून केला जी?"

"पोळा होता. वर्षभर राबते. एक दिवस विसावा दिला."

"फ्रिजले?"

"हो."

टिकाराम गंभीरपणे म्हणाला, "मंग पुरनपोळी कोन्या तोंडानं खाल्ली त्यानं?"

देऊळ हसले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, पोरे खांबाला धरून हसली. वीस वर्षांत माझ्या पोथीला इतकी माणसे एका वेळी जागी नव्हती. मी आरती सुरू केली. अर्ध्या आरतीत गोदावरीबाई उठून गेली. म्हणजे मी पोचायच्या आधी बातमी घरी पोचणार, हे नक्की झाले.

पोचलो तेव्हा तिघेही ओसरीत होते. रत्ना रुखमिणीच्या खांद्यावर झोपली होती. मी पाकीट काढून पाटावर ठेवले. म्हणालो, "हे मी नेणार नाही. जे ऐकलं ते खरं आहे."

इश्वर खाली पाहून म्हणाला, "बाबा, चूक कोणाचीबी असो. पोरगी तं बिमार पडली. बोली ते बोली."

त्यावर बोलली ती सत्यभामा, जिने दोन महिने त्या वाट्यांना नावे ठेवली.

"बोली तिच्या रांधण्याची होती. तुह्या बापाच्या अकलेची नव्हती. त्याच्या अकलेवर बोली लावली असती, तं माह्यं लगन तरी झालं असतं का?"

इश्वरला हसू आवरेना. रुखमिणी हसली नाही. ती मला म्हणाली, "मामाजी, माझं एक म्हणणं आहे."

"बोल बेटा."

"नोकरी करायची तर मी महिन्याचे तीसही दिवस फ्रिज उघडीन. चार दिवस दुसऱ्याच्या भरवशावर नाही ठेवणार. तुमच्याही नाही."

एवढे बोलून ती लेकराला घेऊन आत गेली. पाकीट पाटावरच होते. इश्वर म्हणाला, दुसरा प्लग बसवायला वायरमन दिवाळीनंतर मिळेल.

१२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी जप केला, पण मोजता आला नाही. वायरमन दिवाळीनंतर. रुखमिणीची रजा उद्यापर्यंत. फ्रिज हलत नाही. तिने महिन्याचे तीस दिवस म्हटले, सव्वीस म्हटले नाही. माझ्या आईने, आजीने त्या चार दिवसांत देवाच्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नाही. त्यांनी चूक केली असे मी म्हणणार नाही. त्यांच्या लेकरांचे अन्न त्या खोलीत नव्हते.

मी देवाला विचारले. नेहमीप्रमाणे त्याने माझ्यावर सोडले.

दहा वाजता ओसरीतला कोनाडा धुतला, शेणाने सारवला. मग एकेक करून देव बाहेर आणले. आधी सुपारीचा गणपती, मग बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, शेवटी शंख. देव्हारा उचलायला इश्वरने हात दिला. नागपूरला जायची त्याची गाडी चुकली. दुपारच्या गाडीने जाईन म्हणाला.

सत्यभामा कंबरेवर हात ठेवून पाहत होती. "देवाची बदली कुठं करून राहिले?"

"ओसरीत."

"ऑर्डर आली का?"

"आली," मी म्हणालो.

रुखमिणी पाण्याची घागर घेऊन आली. रिकाम्या भिंतीवर देव्हाऱ्याच्या जागी पांढरा चौकोन उरला होता. तो तिने पाहिला. घागर ठेवली, पाटावरचे पाकीट उचलले आणि चुलीकडे गेली. मी मागे गेलो नाही. थोड्या वेळाने मूग निवडल्याचा आवाज येऊ लागला.

१४ सप्टेंबर, बुधवार

काल अठरा वाट्या झाल्या. रत्ना घरभर रांगते. सकाळी नऊच्या एस.टी.साठी मी रुखमिणीची पिशवी घेऊन फाट्यावर गेलो. रविवारपासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलत होती. मला त्याहून जास्तीचा हक्क नव्हता.

एस.टी. दिसली तेव्हा ती म्हणाली, "मामाजी, पुढं दसरा येते."

"हो."

"दसऱ्याला अवजारांची पूजा असते. त्या दिवशी कोणाला विसावा द्यायचा असेल तर आतापासून सांगून ठेवा. मी रजा टाकीन."

तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. मी म्हणालो, "दसऱ्याला सगळे कामावर राहतील."

"लिहून द्याल?"

"देईन."

ती चढली. कंडक्टरने घंटी मारली. खिडकीतून तिने हात बाहेर काढला. टाटासाठी असेल म्हणून मी हात वर केला. ती पिशवी मागत होती. पिशवी माझ्याच हातात राहिली होती. मी एस.टी.च्या मागे धावलो. पन्नाशी उलटलेला, देवळात पोथी वाचणारा माणूस, धोतर धरून. टिकाराम चहाच्या टपरीवरून ओरडला, "धावा जी, धावा! बाईची शाळा चुकली नाही पाह्यजे!"

शाळा चुकली नाही.